बिलांच्या फोल्डरातली कानबाई

आता तुम्हीच सांगा, असं विचारतात का कोणी? "काकी, यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय आहे, ते आधी सांगा!" अहो, उद्या चोर घरात शिरला आणि म्हणाला, बाई, दागिने कुठल्या डब्यात आहेत ते सांगा, म्हणजे माझा वेळ वाचेल, तर सांगाल तुम्ही? नाही ना? मग मी कशी सांगेन! लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन गेले होते मी, जबाब द्यायला नव्हते गेले. मी आपलं म्हटलं, "सगळंच महत्त्वाचं आहे." झालं! तिथंच घात झाला... पण थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्ही मलाच वेड्यात काढाल. आणि एक आधीच सांगून ठेवते. मी संशय घेत नाही हं कोणावर. माझं आपलं लक्ष असतं.

तर मी प्रतिभा. बुऱ्हाणपूरला राजपुऱ्यात घर, शहराबाहेर केळीचा बाग, आणि घरात नवरा, जीवनराव, ज्यांचं केळीवर जेवढं लक्ष असतं त्याच्या निम्मं जरी घरावर असतं ना... जाऊ द्या. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते, भाऊबंदांत पाळीपाळीनं एकेका घरी. नारळाला डोळे, नथ, लुगडं, सगळा साज करायचा, रविवारी बसवायची, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर न्यायची. आता प्रत्येक कुळाची आपापली रीत. आमच्या कुळात निरोपाचं गाणं म्हटल्याशिवाय कानबाईचा पाट उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. म्हणजे नाही! मग ढोलवाले ताटकळू देत नाहीतर तापीला पूर येऊ दे. आणि हे गाणं चांगलं लांबलचक, आणि ते अख्खं येत होतं एकाच बाईला. माझ्या सासूबाईंना, गोदाबाईंना. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्यांनी "हळू चाल वं माय, तापीले पूर ऊना", म्हणजे तापीला पूर आलाय, असं सुरू केलं ना, की कडेवरची पोरं रडायची थांबायची. साऱ्या भाऊबंदांत त्यांना मान होता तो त्या गाण्याचा. ज्याच्याकडे गाणं, त्याच्याकडे मान.

आता आत्याबाई थकल्या. मला शिकवायच्या, पण माझ्या डोक्यात दोन कडव्यांच्या वर काही टिकेना. तिसरं आलं की पहिलं गेलंच. म्हणून एका दुपारी मी दार लावलं, मोबाईल ठेवला समोर, आणि म्हटलं, आत्याबाई, म्हणा अख्खं. म्हटलं त्यांनी. आणि दार लावलं होतं बरं का, कारण भिंतीला भिंत लागून कोण राहतं? मालूबाई! माझी चुलत जाऊ. ही मालूबाई मला दर दोन दिवसांनी म्हणणार, "वं प्रतिभा, ते गाणं माझ्या मोबाईलवर बी टाक ना." टाकते की! असं तोंडावर म्हणायचे. का टाकू? आज तिच्या मोबाईलवर गेलं, तर उद्या तीच पाटासमोर बसून म्हणणार, "आत्याबाईंनी मला शिकवलं हो!" आणि माझा मोबाईल मागून घ्यायची, फोन लावायचाय म्हणून. फोन लावताना अंगठा कुठं कुठं फिरायचा तिचा. मी संशय घेत नाही हं. माझं आपलं लक्ष असतं.

म्हणून मी काय केलं, आमची सायली, माझी मुलगी, ती इंदूरहून आली होती, तिच्याकडून ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर टाकून घेतलं आणि मोबाईलवरून पुसून टाकलं. सायली म्हणाली, "आई, गूगलवर पण टाकून ठेवू." गूगलवर? म्हणजे साऱ्या जगात! मालूबाई काय जगाबाहेर राहते का? सायली परत गेल्यावर मी शांतपणे बसले, आणि त्या फाईलचं नाव ठेवलं "नळपट्टी पावती". आणि ती ठेवली "बिलं" नावाच्या फोल्डरात. कोण उघडतं हो नळपट्टीची पावती? आमच्या यांनी तर भरायची होती तेव्हा भी उघडली नाही.

मग आत्याबाई गेल्या. त्यानंतर ती फाईल मी एकदाही उघडली नाही. छाती झाली नाही माझी. म्हटलं, आहे ना तिथं, सुखरूप आहे. माणूस गेलं पण आवाज घरात आहे, या एका गोष्टीवर मी दिवस काढले. आणि त्या वर्षी कानबाई बसली दुसऱ्या भाऊबंदांकडे, तिथं बायकांनी तुटकं-मोडकं म्हणून वेळ मारून नेली. यंदा आमची पाळी. आमच्या घरी कानबाई, आत्याबाईंच्या घरी! आणि नेमका श्रावण लागला, आणि लॅपटॉप लागला वाजायला. टिक... टिक... टिक. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरतंय. मी यांना म्हटलं, बघा हो, हे काय होतंय. तर हे पेपरातून मान वर न करता म्हणतात, "जाऊ दे, जुना झालाय. नवा घेऊ."

नवा घेऊ? ज्या माणसानं कुकरची शिटी बदलायला दिवाळी ते दिवाळी लावली, तो एका फटक्यात लॅपटॉप नवा घेऊ म्हणतो? विचार करा तुम्हीच! काय आहे त्या लॅपटॉपात यांचं, जे जाऊ दे म्हणतायत? पिशवीत घातला लॅपटॉप, वरून कोथिंबिरीची जुडी ठेवली, आणि निघाले बाजारात, शनवाऱ्याकडे.

तिथं रितेशचं दुकान. रितेश म्हणजे दाढी वाढवलेला, कानात बुंदा, बोलताना अर्धं हिंदी. त्यानं लॅपटॉप कानाला लावला. म्हणतो, "काकी, ये तो गया. हार्ड डिस्क घासतेय आतमध्ये. दुसऱ्या मशीनला लावून जेवढं निघेल तेवढं काढतो, पण कभी भी बंद पडेल. ठेवून जा, उद्या या." ठेवून जा! आमच्याकडे केळीच्या घडांचं वजन होतं ना, तेव्हा आमचे हे काट्यासमोरून पाणी प्यायला सुद्धा हलत नाहीत, आणि मी आत्याबाईंना ठेवून जाऊ? मी स्टूल ओढलं आणि बसले. म्हटलं, "कर तुझं काम. मला घाई नाही." मग सहज विचारलं, "गाव कुठलं रे तुझं?" तर म्हणतो, "धूलकोट." धूलकोट! ऐकलंत? मालूबाईचं माहेर कुठलं? धूलकोट! मी म्हटलं, "मग मालूबाईला ओळखत असशील." तर हा हसून काय म्हणतो, "मालू मावशी ना? अपनी ही है! परवाच त्यांना मोठा स्पीकर दिला." मावशी! अपनी! मी पिशवी घट्ट मांडीवर धरली. पिशवीत काय होतं? कोथिंबीर! पण धरली.

आणि मग त्यानं तो प्रश्न विचारला, "महत्त्वाचं काय आहे ते आधी सांगा." कळलं ना आता, का नाही सांगितलं?

बरं, सुरू झालं ते कॉपी का काय. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू सरकतेय, आतून टिकटिक चालूच. मी एक डोळा पट्टीवर, एक रितेशच्या हातांवर. पहिले निघाले यांचे फोटो. सगळे केळीचे! घड उभा, घड आडवा, घडाशेजारी हे उभे, ह्यांच्याशेजारी घड. मग विशालच्या वाढदिवसाचे, विशाल म्हणजे माझा मुलगा. मग कोणाकोणाच्या लग्नातल्या जेवणाच्या पंगती. मी मनात म्हणतेय, सरक रे बाबा, पुढं सरक. तोंडानं सांगता येईना. आणि तेवढ्यात दुकानात आली कोण? आशाबाई! मालूबाईच्या भिशीतली, तिचा उजवा हात! चार्जर घ्यायला म्हणे. आजच? याच दुकानात? मी संशय घेत नाही हं, पण बुऱ्हाणपुरात चार्जर काय एकाच ठिकाणी मिळतो?

आणि नेमकं तेव्हाच, आशाबाई माझ्या खांद्याशी उभी असताना, रितेश म्हणतो, "काकी, ये एक बिलांचा फोल्डर दिसतोय. नळपट्टी-वळपट्टी. हे छोडून देऊ का? डिस्कचा दम संपत आलाय."

अहो, आता काय बोलू? नको सोडू म्हटलं, तर आशाबाई विचारणार, नळपट्टीत एवढं काय गं? आणि संध्याकाळपर्यंत मालूबाईच्या ओट्यावर तीच चर्चा. मी एकदम मोठ्यानं, अगदी बेफिकीर आवाजात म्हटलं, "हो हो, सोडून दे! बिलं घेऊन काय करायचंय!" मनात हिशेब काय, की आशाबाई एकदा जाऊ दे, मग हळूच त्याच्या कानात सांगते. पण आशाबाई जाईल तर शपथ! या चार्जरची वायर आखूड, त्या चार्जरचा रंग पांढरा, लगेच मळेल... घे ना बाई एखादा! शेवटी गेली एकदाची. मी रितेशकडे वाकले, म्हटलं, "ऐक रे, ती नळपट्टी..."

टक्.

बस. टिकटिक बंद. पट्टी लाल. रितेशनं वायर काढली, लावली, परत काढली, परत लावली. काही नाही. म्हणतो, "काकी, गई. पण टेन्शन नका घेऊ, जवळपास सगळं निघालं. फक्त बिलंच राहिली."

फक्त बिलंच राहिली! मी त्याला सांगितलं तेव्हा, काय होतं त्यात. बिचारा डोक्याला हात लावून बसला. "काकी, एवढीशी फाईल! पहिलं सांगितलं असतं तर पहिली निघाली असती!" आणि मी, तुम्हाला सांगते, त्या दुकानात, कोथिंबिरीची पिशवी पोटाशी धरून ढसाढसा रडले. केळीचे घड वाचले, पंगती वाचल्या, आणि आत्याबाई गेल्या. दुसऱ्यांदा गेल्या, आणि या वेळी मीच "सोडून दे" म्हटलं.

घरी आले. बातमी अर्थात माझ्या आधी पोचली होती, रितेशची मावशीच ना ती! मालूबाई ओट्यावर उभी. मला वाटलं, आता ही टोमणा मारणार. तर ती म्हणते, "रडू नको वं प्रतिभा. आहे माझ्याजवळ."

"काय आहे?"

"गाणं. अख्खं. त्या दुपारी मी मागच्या खिडकीतून भरून घेतलं होतं ना. पण चोरून भरलेलं चारचौघांत वाजवायचं कसं, म्हणून तर तुझ्याकडचं मागत होते."

बघा! बघा, मी म्हणत होते की नाही! एवढी वर्षं सगळे मलाच म्हणायचे, प्रतिभा, तुला उगाच शंका येतात. उगाच? चोरलं होतं तिनं! दिवसाढवळ्या, माझ्या खिडकीतून! भांडायला तोंड उघडलं मी... आणि तोंडातून काय निघालं असेल? "देव तुमचं भलं करो, ताई." चोरी झाली म्हणून चोराच्या पाया पडलेली पहिली बाई असेन मी. म्हटलं, टाका माझ्या मोबाईलवर. तर मालूबाई म्हणते, "नको बाई. तू पुसून टाकशील. मी स्वतः घेऊन येईन, सोमवारी, स्पीकरसकट." बघा, माझ्यावर संशय! माझ्यावर!

सोमवारी सकाळी अंगण भरलं. भाऊबंद, सुना, ढोलवाले, सगळे. पाट सजलेला. मालूबाईनं तो मोठा स्पीकर ओट्यावर ठेवला आणि बटण दाबलं. आणि आल्या हो आत्याबाई. तोच आवाज, मधेच घेतलेला श्वास सुद्धा तोच. साऱ्या अंगणात कोणी हललं नाही. आमचे हे, जे स्वतःच्या लग्नात भी रडले नाहीत, ते खांबाआड जाऊन नाक पुसत होते. मी तर देवीकडं बघूच शकत नव्हते. वाटलं, चोरी होवो की काही होवो, आत्याबाई घरी आल्या.

आणि मग, पाचव्या का सहाव्या कडव्यानंतर, आत्याबाई श्वास घ्यायला थांबल्या, आणि स्पीकरमधून, त्या एवढ्या मोठ्या स्पीकरमधून, स्वच्छ, खणखणीत, माझा आवाज आला:

"आत्याबाई, हळू म्हणा ना! ती मालूबाई असेल खिडकीत, मेली चोरटी!"

माय वं! धरणीनं पोटात घ्यावं ना, तसं झालं. अंगणातली शंभर डोकी एकदम माझ्याकडे वळली. आणि मालूबाई? ती शांत. तिनं तर हजारदा ऐकलं असणार! आणि लगेच आत्याबाईंचा आवाज, हसून:

"माहीत आहे मले. तिच्याचसाठी तर मोठ्यानं म्हणू राहिली. मी काय वर घेऊन जाऊ हे गाणं?"

आणि पुढचं कडवं सुरू, आधीपेक्षा मोठ्यानं.

पाट उठला. ढोल वाजले. तापीपर्यंत तो स्पीकर हातगाडीवर, आणि गाणं संपलं की परत पहिल्यापासून. सायली माझ्या कानात म्हणते, "आई, तुझं वाक्य कापून देऊ का?" मी म्हणणार होते काप, तर मालूबाई म्हणाली, "हात लावायचा नाही. आत्याबाईंनी म्हटलं ते जसंच्या तसं राहू द्यायचं." आणि गल्लीतल्या पोरी, त्या काय, ऐकलं की पाठ. नदीवर पोचेपर्यंत त्यांना सगळी कडवी आली, आणि मधलं माझं ते भी, चालीत बसवून! देवीच्या पाटासमोर, टाळ्या वाजवून, "हळू म्हणा ना, मालूबाई खिडकीत!" त्यांना वाटतं तेही गाण्यातलंच. आता दर वर्षी, दर घरी, आमच्या कुळाची कानबाई माझं हे ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही.

आणि तुम्हाला सांगते, त्या घाटावर ते कडवं सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणत होतं? मालूबाई. आणि तिच्या शेजारी उभी राहून... मी. मग काय करणार? एवढं एकच कडवं तर मला शेवटपर्यंत पाठ आहे.