तुसांचा बर्फ

—नाही, बाकी सगळं बदला, ते वाक्य सोडून. आता आणखी किती वेळा सांगू? बसा आधी. तीन जिने चढून आलात, श्वास अजून जागेवर नाही तुमचा, आणि आल्या आल्या आपलं— ‘आपा, ते एक वाक्य तेवढं काढून टाका!’ पाणी प्या. अहो तिथं नको, त्या गादीवर नको, ती कुत्र्याची आहे— म्हणजे आमच्याकडं कुत्रा नाही हो, अमेरिकेतल्या कुत्र्यांसाठीची गादी, आम्ही वापरून बघतोय— सध्या मांजर झोपते तिच्यावर, आणि उठवलं की ओरबाडते. खुर्चीवर बसा. ती बॅग ठेवा खाली, धोंडे भरलेत का तिच्यात? हां. तर शहरियार भाई, तुम्ही ढाक्याहून जशोरला आलात, तुमचे साहेब परदेशातले, आमची वेबसाइट विकत घ्यायची म्हणता. घ्या की. बागेच्या नळीचं पान घ्या, कढयांचं घ्या, गवत कापायच्या यंत्राचं घ्या, वर ही मांजर फुकट घ्या. पण बर्फाच्या फावड्याचं पान हवं असेल तर ते वाक्य जिथं आहे तिथंच राहील, हे आधी कबूल करायचं. नाहीतर उठा, चहा पिऊन जा, राग नाही.

हसा, हसा. सगळेच हसतात. जशोरमध्ये बसून बर्फाच्या फावड्यावर लिहिणारी बाई! आमच्याकडं थंडीत काय पडतं, तर धुकं— आणि खजुराचा रस. बर्फ बघायचा तर मासळी बाजारात. पण तिकडं बर्फ पडायला लागला की लोक सर्चमध्ये विचारतात, कुठलं फावडं घ्यावं— आणि पहिलं पान कोणाचं येतं? माझं. मोर्शेदा खातून, जशोर, बांगलादेश. खाली फोटो, माझाच, डोक्यावर ओढणी आणि हातात फावडं. लोक वाचतात, दुकानाच्या नावावर बोट ठेवतात, फावडं घेतात, आणि दुकानदार आम्हाला त्या पैशातलं थोडं देतो. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी फोटो होता मार्गारेटचा, म्हणजे कुठंच नसलेल्या बाईचा. तुम्हाला काय सांगायचं, तुमच्याही कंपनीत पन्नास मार्गारेट असतील— सोनेरी केस, हसरा चेहरा, तीन नातवंडं, आणि लिहिणारी कोण तर या खोलीत बसून कुरमुऱ्यांची मुडी खाणारी मी आणि लिपी. ही बघा, कोपऱ्यात बसलीय ती लिपी. आम्ही दोघी मिळून एक मार्गारेट. तेव्हाचं लिहिणं तरी काय— उत्तम बर्फाचं फावडं, स्वस्त उत्तम बर्फाचं फावडं, उत्तम बर्फाचं फावडं कसं निवडावं, उत्तम बर्फाचं फावडं का घ्यावं! वाचणारा माणूस वेडा झाला तरी चालेल, सर्चचं यंत्र खूश झालं पाहिजे. आणि व्हायचं ना खूश! मग एका थंडीत त्याला अक्कल आली. एका सकाळी उठून बघतो तर मार्गारेट गायब— पहिल्या पानावर नाही, पाचव्यावर नाही, कुठंच नाही. यंत्र विचारायला लागलं, बाई, तू हे स्वतः वापरलंयस का? तू कोण? तुझ्याबद्दल दुसरं कोणी चांगलं बोलतं का? म्हणजे तोंडानं विचारत नाही, पण विचारतंच. नेमकं कसं जोखतं ते कोणाला ठाऊक— जो सांगतो मला ठाऊक आहे, तो काहीतरी विकत असतो. तुम्हीसुद्धा.

मग आम्ही काय केलं? फावडी मागवली. खरंच मागवली हो, समुद्रापलीकडून. डाकघरातला मोतालेब चाचा ती लांबडी खोकी वर आणून द्यायचा आणि म्हणायचा, आपा, मय्यतीचं सामान आहे का? फावडी आली, पण बर्फ कुठून आणणार? लिपी म्हणाली, कापसात चालवू. चालवली. कापूस घरभर, आठवडाभर नाकातून काढत होतो. मग मी म्हटलं, भाताची गिरणी. आमच्या शहराबाहेर आहे ना ती, मागं तुसांचे डोंगर— कोरडी तुसं म्हणजे भुरभुरीत बर्फ, आणि पाणी मारून रात्रभर ठेवली की ओला बर्फ. वजनसुद्धा जमवलं आम्ही, बादलीला बादली. गिरणीतल्या बायका काम टाकून बघायला आल्या. त्यातली एक म्हातारी म्हणते, बेटी, सासरच्यांनी हाकलली का गं? दिवसभर उपसत होतो, कमरेचा काटा ढिला झाला. कुठल्या फावड्याचा दांडा हाताला सोलतो, कुठल्याचं पातं वाकतं, कुठलं ओल्यात चिकटून बसतं— सगळं कळलं. आणि मी ते तसंच लिहिलं. लपवलं नाही. लिपी म्हणत होती, आपा, लपवा, लोक हसतील. मी पहिल्याच ओळीत लिहिलं, माझ्या देशात बर्फ पडत नाही, मी ही फावडी भाताच्या ओल्या तुसांत चालवून बघितलीत. खाली त्या म्हातारीचासुद्धा फोटो टाकला, तिला विचारून. लोक हसले. हसले, पण परत फिरले नाहीत— खालपर्यंत वाचलं. आणि दुसऱ्या ओळीत ते वाक्य. तुमच्या साहेबांच्या घशात अडकलेलं.

म्हणून दाखवू? ‘तुमचं हृदय अशक्त असेल, तर यातलं एकही फावडं घेऊ नका, शेजाऱ्याला हाक मारा, त्यात लाज वाटू देऊ नका.’ झालं. एवढंच आहे. तुमचे साहेब म्हणतात, गिऱ्हाईक दारातूनच परत जातं. जाऊ दे ना! ज्याला जायला हवं तोच जातोय. आणि तुम्हाला वाटतं, आम्ही पहिले आलो ते तुसांमुळं? तुसांची गंमत चार दिवसांची. तिकडं कुठल्याशा लहान गावातला आग विझवणाऱ्यांचं दल आहे, त्यांची स्वतःची वेबसाइट— त्यांनी आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांसाठी लिहिलं, बर्फ उपसण्याआधी या बाईचं वाचा. त्या शब्दावर बोट ठेवलं की थेट माझं पान. मी मागितलं नव्हतं. तुमच्याकडं लोक असं एकेक नाव घ्यायला लावण्यासाठी दिवसाला शंभर पत्रं पाठवतात, हांजी हांजी करतात. माझं त्यांनी आपणहून घेतलं. मग एका दवाखान्यानं घेतलं, मग एका वर्तमानपत्रानं. कशासाठी? दांडा हाताला सोलत नाही म्हणून? त्या वाक्यासाठी, शहरियार भाई! घर ज्या विटेवर उभं आहे तीच काढायला निघालात तुम्ही, आणि वर म्हणता घर विकत घेतो.

काय? — हां, ते येणारच होतं. ‘आपा, तब्येतीच्या गोष्टीत यंत्र फार कडक आहे, तुम्ही डॉक्टर नाही, उद्या ते पान खाली ढकलेल.’ ढकलू दे. नाही मी डॉक्टर, जशोरच्या कॉलेजात भूगोल शिकले. ‘मग वर एखाद्या डॉक्टरचं नाव टाकू, फोटो टाकू, आमच्याकडं आहेत तयार.’ वा! म्हणजे मार्गारेट गेली आणि आता डॉक्टर मार्गारेट आली. मुळीच नाही. माझ्या नावावर मेलेलं चालेल मला, दुसऱ्याच्या नावावर जगायचं नाही, बस झालं ते. आणि असं कसं म्हणता, की तुम्हाला यातलं काय माहीत? अनुभव विचारतं ना तुमचं यंत्र? स्वतः बघितलंय का विचारतं ना? बघितलंय. तुसांत नाही बघितलं ते. आमचं गाव मणिरामपूरच्या पलीकडं, तिथं पाऊस संपला तरी पाणी हलत नाही, महिनोन्‌महिने अंगणात उभं— आणि आटलं की मागं गाळ, गुडघाभर. ओल्या गाळाचं फावडं आणि ओल्या बर्फाचं फावडं, कंबरेला दोन्ही सारखीच. आब्बा मास्तर होते शाळेत. छातीत दुखायचं, डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हणून सांगितलेलं. पण शुक्रवारी पाहुणे येणार होते— म्हणजे मला बघायला येणार होते— आणि अंगण असं. पलीकडं हरिपद काकांचं घर, त्यांचे दोन दांडगे मुलगे घरात बसलेले, एक हाक मारायची होती, फक्त एक हाक. अम्मा म्हणत होती, हाक मारा. मी म्हणत होते. आब्बा म्हणाले, मुलीला बघायला येणारेत आणि मी गावभर सांगू का, माझ्या अंगणातला गाळ मला निघत नाही म्हणून? अर्धं अंगण काढलं त्यांनी. चांगलं स्वच्छ काढलं होतं, कडेनं रेघ मारल्यासारखं. उरलेलं हरिपद काकांच्या मुलांनीच काढलं मग— न बोलावता आले— मय्यत ठेवायला जागा हवी होती ना.

पाहुणे नाही आले. नंतरही नाही. जाऊ दे. ते मी तुम्हाला सांगणार नव्हते, लिपीलासुद्धा माहीत नव्हतं, बघा कशी बघतेय. त्या पानावरही नाही ते. पानावर फक्त वाक्य आहे. पण तिकडचा एक म्हातारा मला पत्र लिहितो, दर थंडीत— पहिल्या वेळी शिव्या दिल्या होत्या, म्हणे फावडं घ्यायला आलो आणि तू शेजाऱ्याकडं पाठवलंस, बारा वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो. आता दोघं मिळून कॉफी पितात, आणि शेजाऱ्याचा जावई बर्फ काढतो. या वर्षीचं पत्र परवाच आलंय. जिवंत आहे, शहरियार भाई. कुरकुर करतो, पण जिवंत आहे. कुठल्यातरी अंगणात कोणीतरी फावडं हातात घेऊन उभा आहे, त्याला मी हाक मारणार, आणि तुमचे साहेब म्हणतात तोंड बंद कर, माल खपत नाही!

नाही विकायचं. ठरलं. हो, कळलं मला— नाही विकलं तर तुम्ही तुमचं पान उभं कराल, माझ्या दसपट मोठं, डॉक्टर असलेलं, आणि मला खाली ढकलाल. ढकला. दहाव्या पानावर टाका. दहाव्या पानावरही तेच वाक्य दुसऱ्या ओळीत असेल, आणि शोधत शोधत तिथवर येणारा एक तरी असतोच— माझे आब्बा असते तर तिथवर आले असते, हट्टी माणूस. साहेबांना सांगा, जशोरची बाई डोक्यानं कमी आहे. सांगा खुशाल. गूळ न्या थोडा घरी, खजुराचा, पाटाली आहे, ताजा. निघा आता, उन्हं उतरायच्या आत बस मिळेल तुम्हाला.

आणि ती बॅग राहू द्या. ठेवा खाली. घाम बघा किती आलाय तुम्हाला, नुसतं खुर्चीवरून उठलात तर. तुम्ही कठड्याला धरून सावकाश उतरा, बॅग मी आणते खाली. —अहो, लाज कसली त्यात? सोडा म्हणते ना.