येते हं

ताई : अगं वहिनी, फोन स्पीकरवर टाक. तुझा चेहरा पांढरा पडलाय आणि मला काही ऐकू येत नाही!

वहिनी : थांबा हो, ताई. हां, बोला. पत्र आमच्याच घरून आलं, मीच लिहिते. पण तुमची मुलगी इथं कशी असेल?

बाबा : पाकिटावर तुमचा नंबर होता, म्हणून... मी आंघोळीला गेलो होतो. दहा मिनिटं. बाहेर आलो तर दार सताड उघडं. चिमणी नाही, पत्रही नाही.

ताई : केवढी आहे?

बाबा : सहा. स्वतःला साडेसहा म्हणते.

ताई : झालं! घरबसल्या ढगातल्या मावशीची पत्रं पाठवू, पोरांची सुट्टी गोड करू म्हणे. पहिल्याच आठवड्यात पोर गायब.

वहिनी : ताई, आता नको ना. अहो, शेजारी पाहिलंत?

बाबा : शेजारी पाहिलं, दुकानात पाहिलं, कोपऱ्यापर्यंत धावलो. तिच्या चपला इथंच आहेत.

ताई : मग पोर इमारतीतच आहे.

बाबा : पत्रात काय होतं? मी फक्त मोठ्याने वाचून दाखवलं हो, लक्ष नव्हतं माझं.

वहिनी : कच्चं लिहिलेलं आहे वहीत. ऐका.
'ढगाच्या खिशात, नाव तुझं जपलं,
वाऱ्याने वाचता, आभाळ हसलं.'
मग दात पडल्याचं. आणि शेवटी, 'बरं चिमणे, येते हं.'

बाबा : काय म्हणालात? शेवटचं पुन्हा वाचा.

वहिनी : 'बरं चिमणे, येते हं.' का हो?

बाबा : तिची आई दवाखान्यात निघाली, तेव्हा दारात हेच म्हणाली होती. 'बरं चिमणे, येते हं.' चार महिने झाले. आलीच नाही ती.

वहिनी : अगं आई गं...

ताई : ते 'येते' माझं. हिने 'जाते' लिहिलं होतं. मीच म्हटलं, निरोप घेताना जाते म्हणू नये, येते लिही.

वहिनी : ढगातून येणाऱ्याची वाट कुठं बघेल ती? अहो, गच्ची! गच्चीचं दार उघडं असतं का?

(फोनमधून जिना चढणारी पावलं, धाप, मग वारा.)

बाबा : आहे... कठड्यावर उभी आहे. माझ्याकडे पाठ आहे. हाक मारू?

वहिनी : नको! दचकेल. फोनचा आवाज मोठा करा आणि तिच्या बाजूला धरा.

ताई : मावशी होऊन बोल. ढगातून सांग तिला, मागे हो म्हणून.

वहिनी : म्हणजे ती आणखी वर बघेल, ताई. ...चिमणे, ऐकतेस का? मी तुला पत्र लिहिणारी. मी ढगात नाही गं. खाली आहे, घरात. ओट्याजवळ टेबल आहे ना, तिथं बसून लिहिलं. बोटाला निळी शाई लागलीय, साबणाने पण जात नाही. वर बघून मी नाही दिसायची. आधी खाली बस बघू. बूड टेकव. हां.

बाबा : बसली.

वहिनी : आता पाय आतल्या बाजूला घे. आधी एक. मग दुसरा. तुझ्या मागे बाबा आहेत बघ, ओल्या केसांचे, अनवाणी आलेत.

बाबा : धरलं. धरलं हो तिला!

ताई : हुश्श... बस गं खाली, वहिनी.

बाबा : विचारतेय... मग आई कोणत्या ढगात आहे?

वहिनी : ते मी कसं सांगू?

बाबा : नाही, मीच सांगायला हवं. चार महिने मी 'येईल, येईल' म्हणतोय. ठेवतो फोन.

ताई : पाणी घे. सुटलो एकदाचे.

वहिनी : ताई, शेवटी 'येते हं' असलेली आणखी किती पत्रं काल पोस्टात टाकलीत?

ताई : अकरा. आज पोचतील. अगं, त्या पोरांच्या आया असतील की घरात.

वहिनी : असतील?

ताई : पालकांनी भरून दिलेला फॉर्म काढून बघ ना.

वहिनी : बघितला. आवडता रंग विचारलाय, पडलेला दात विचारलाय. घरात कोण कोण आहे, ते आपण विचारलंच नाही.