चांगच्या भुवया

...आणि वर मलाच म्हणते, "मावशी, मशीनचं चुकत नाही." म्हणजे चुकतं कोणाचं? माझं. अडतीस वर्षं या महाचाई बंदरातल्या मासळी कारखान्यात बाराशे माणसांची हजेरी मी नुसत्या डोळ्यांनी घेतली, चौथी शिकलेल्या डोळ्यांनी, पुढची अक्षरं डब्यांवरची लेबलं वाचून पक्की केली, आणि एक माणूस कधी हरवला नाही माझ्या वहीतून. आता एचआरला नवी साहेबीण आलीय, फर्न. बँकॉकची पदवी, बोलायला गोड, माझ्या नातीएवढी. तिने फाटकावर चेहरा बघणारं मशीन बसवलं. काळी पाटी नुसती. समोर उभं राहायचं, हिरवा दिवा लागतो, "शुभ सकाळ, लमयाई" म्हणतं. लमयाई म्हणजे मी. तुम्हाला सांगते, पहिल्या दिवशी बरं वाटलं मला. नवरा गेल्यापासून सकाळी सकाळी नाव घेऊन कोण हाक मारतं?

पण चांगचं ऐका. चांग म्हणजे आमच्या थाई भाषेत हत्ती, आणि हा अंगाने काडी, डबे बंद करायच्या लाइनवर अकरा वर्षं. आई अंथरुणाला खिळलेली. तिची एकच इच्छा, मुलाने भिक्खू व्हावं, म्हणजे त्याच्या चीवराचं टोक धरून ती वर जाईल. मग काय, पंधरा दिवसांची रजा. माझ्यासमोर अर्ज, फर्नच्या मशीनमध्येही नोंद, सगळं रीतसर. पंधरा दिवसांनी पठ्ठ्या परत आला तो डोक्याचा गोटा आणि भुवया गायब. आमच्याकडे भिक्खू होताना भुवयासुद्धा उतरवतात, त्यात नवल ते काय?

नवल मशीनला वाटलं. लाल दिवा. "ओळख पटली नाही."

चांग हसला. पंधरा दिवस ध्यानाला बसलेला माणूस, तो कसा हसतो माहिती आहे ना? नदीवर भरतीचं पाणी चढावं तसा, आवाज न करता. म्हणाला, "मावशी, बरोबर आहे त्याचं. मी तरी कुठे ओळखतो स्वतःला?"

मी म्हटलं, "तुझं तत्त्वज्ञान ठेव विहारात. तीन दिवस सलग गैरहजेरी लागली की मशीन आपणहून नाव काढतं. आईच्या औषधांचं काय करशील?"

तेव्हा कुठे त्याचं हसू ओसरलं.

गेले फर्नकडे, चांगचा हात धरून. "बाई, हा आलाय. लिहा."

ती पडद्याकडे बघत म्हणते, "सिस्टममध्ये नाही आला."

"अगं, समोर उभा आहे तुझ्या. पेज पिऊन आलाय, वास येतोय आल्याचा."

"उभं राहून उपयोग नाही मावशी, दिसायला पाहिजे."

"मग नवा फोटो काढ."

"नव्या फोटोला आधी जुन्या चेहऱ्याने ओळख पटवावी लागते." आणि वर तेच, कळवळून, हात जोडून, "मशीनचं चुकत नाही, मावशी."

आता याला काय म्हणायचं? दोन दिवस माझ्या शब्दावर आत येऊन तो बिचारा डबे बंद करत होता, घामाने निथळत होता, आणि मशीनच्या लेखी कारखान्यात त्या जागी कोणी नव्हतं. डबे आपोआप बंद होत होते. वाफेत त्याच्याकडे बघता बघता मलाही क्षणभर वाटलं, आहे का हा खरंच? का कोणी पुण्यवान माणूस भलतीकडे बसून स्वप्न बघतोय, आणि त्या स्वप्नात आम्ही सगळे बांगडे साफ करतोय... जाऊ दे. वय झालं की वाफेत असलं काहीबाही दिसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला फाटकाशी धरला आणि पर्समधून भुवयांची पेन्सिल काढली. माझ्या स्वतःच्या भुवया मी विशीतच उपटल्या, तेव्हा तशी रीत होती, मूर्खपणाच सगळा, त्या परत काही उगवल्या नाहीत. तेव्हापासून रोज कोरते. दोन कमानी, डोळे मिटून काढीन. त्याला म्हटलं, "हलू नकोस." काढल्या. मागे रांग लागलेली, बायका पिशवीतली कॉफी नळीने ओढत खिदळतायत. चांग गेला समोर. हिरवा दिवा.

"शुभ सकाळ, लमयाई."

फर्न मागेच उभी. तिच्याकडे बघितलं, तर तिने नुसती मान खाली घातली. मशीनचं चुकत नाही ना. भुवया माझ्याच होत्या.

पुसल्या. थुंकी लावून पुसल्या, आईसारख्या. मग डोळे मिटले आणि चांग आठवला. अकरा वर्षांपूर्वीचा, कामाला लागला त्या सकाळचा, माझ्या टेबलासमोर उभा, भिजलेला, डावी भुवई मध्येच तुटलेली. लहानपणी होडीच्या काठावर आपटला होता, त्यानेच सांगितलेलं. कुठल्या फाइलमध्ये नाही ते, माझ्यात आहे. उजवी जाड काढली, नाकाकडे किंचित उतरती. डावी अर्धी, मग भाताच्या दाण्याएवढी जागा कोरी, मग शेपटी. फाटक बंद व्हायला दोन मिनिटं.

"शुभ सकाळ, चांग."

तुम्हाला सांगते, बायकांनी टाळ्या पिटल्या, फर्न रडली, आणि चांगची आई अजून आहे, औषध घेते, लेकाच्या चीवराचं टोक उशाशी ठेवून झोपते. इथे थांबले असते तर गोष्ट छान होती.

पण त्याच महिन्याच्या शेवटी मी निवृत्त झाले. हार, केक, भाषण. घरी आले, कालव्यावर घर आहे माझं, पायऱ्यांवर पाय पाण्यात सोडून बसायचं, दुसरं काम नाही. भुवया कोरायचं सोडून दिलं. कोणासाठी कोरायच्या? माशांना काय त्याचं? दोन महिने झाले, पेन्शनचा कागद येईना. फोन केला.

फर्न म्हणते, "मावशी, तुम्ही अजून कामावर आहात."

"मी पाण्यात पाय सोडून बसले आहे."

"रोज संध्याकाळी पाचला फाटकातून बाहेर पडता. नोंद आहे."

"अगं, आत जात नाही तर बाहेर कशी पडते?"

तिकडून कळफलकाची टकटक. मग हळूच, "चांगच्या भुवया अर्ध्या उगवल्यात मावशी. सकाळी मशीन त्याला चांग म्हणतं, संध्याकाळी दमला की... लमयाई."

मी पाण्याकडे बघत राहिले. म्हणजे मी इथे पायरीवर, आणि तिकडे एक मी रोज दिवसभर कारखान्यात फिरते, कोणाला न दिसता, वाफेतून, लाइनींमधून, बाराशे चेहरे मोजत. आणि पाचला बाहेर पडते. कुठे जात असेल ती? जेवत असेल का वेळेवर? खोटं कशाला बोलू, तिचा हेवा वाटला मला.

"यावर उपाय?"

"स्वतः येऊन मशीनसमोर उभ्या राहा. तुमची ओळख पटली की नाव काढते."

गेले. दोन बस बदलून, छत्री घेऊन, तोंड धुऊन, जशी घरी असते तशी. उभी राहिले समोर. लाल दिवा.

"ओळख पटली नाही."

पुन्हा उभी राहिले. पुन्हा लाल. फर्नने तोंड उघडलं, तिला म्हटलं, "माहिती आहे, मशीनचं चुकत नाही."

तेवढ्यात चांग आला, तसाच हसत, भरतीच्या पाण्यासारखा. खिशातून माझीच ती पेन्सिल काढली, फाटकावर त्या दिवशी विसरले होते ती, आणि टोक जिभेला लावत म्हणाला, "मावशी, मान वर करा."

केली वर. काय करणार? डोळे मिटून म्हटलं, "काढ बाबा. फक्त माझ्या काढ हो, तुझ्या नको. नाहीतर उद्यापासून तुझी लाइन मला चालवावी लागेल."