फोन ठेवू नका

रतिलाल : मग ‘पहूर’ म्हणायचं सोडून तुम्ही नुसतं जामनेर का मागितलं, ते सांगा मला.

पुष्पा : जामनेरहूनच प… प… पुढं जोडतात साहेब. मला वाटलं, त्यांना कळेल.

रतिलाल : कसं कळेल? जामनेरच्या ऑपरेटरला तुम्ही गावाचं नावच सांगितलं नाही. त्यानं जामनेरातलाच तो नंबर जोडून दिला. आपल्या गिऱ्हाइकाला वाटलं, पहूरला भावाशीच बोलतोय. भाचीची सोयरीक मोडली, हे त्यानं एका पिठाच्या गिरणीवाल्याला सांगितलं. गिरणीवाल्यानं ऐकूनही घेतलं. आता दोघांच्या तक्रारी माझ्या टेबलावर.

पुष्पा : माझी चूक आहे.

रतिलाल : ते मलाही दिसतंय. का झाली, ते विचारतोय.

पुष्पा : तो शब्द येत नाही साहेब. तोंडाशी येतो आणि अडतो. मग मी दुसरा घेते. प-पाणी मागायचं असलं की म्हणते, तहान लागली. ब-बस म्हणायचं असलं की एसटी. लहानपणापासून असंच निभावलं. पण गावाच्या नावाला दुसरं नाव नसतं.

रतिलाल : नसतंच. आणि परगावचे फोन जोडायच्या ह्या ट्रंक बोर्डावर दिवसभर दुसरं असतं काय? गावांची नावं आणि माणसांची नावं. हे बघा बिऱ्हाडे, तुमचे वडील, वना, माझ्या हाताखाली लाइनमन होते. वना खांबावरून पडून गेला तेव्हा मी तिथंच होतो. त्याच्या जागी तुम्हाला घेतलं, जागा ऑपरेटरची रिकामी होती, तिथं बसवलं. कोणी विचारलं नाही, मुलीला बोलता येतं का. ती आमची चूक. आता मी ती दुरुस्त करतोय. रेकॉर्डला जा. जुन्या कॉलच्या नोंदीची तिकिटं तारखेनं लावायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणाशी एक शब्द बोलायला नको.

पुष्पा : आणि शेऱ्यात काय लिहाल?

रतिलाल : ‘बोलण्याच्या कामास अयोग्य.’ तेवढं लिहावंच लागतं.

पुष्पा : मग मी नाही जाणार.

रतिलाल : मी तुमच्या भल्याचं सांगतोय.

पुष्पा : माझ्या भल्याचं सगळेच सांगतात. त… तुम्ही एक दिवस माझ्या शेजारी बसा. हेडफोन कानाला लावून ऐका. मग काय लिहायचं ते लिहा.

रतिलाल : ऐकून काय निराळं होणार?

पुष्पा : माहीत नाही. पण न ऐकता लिहू नका.

रतिलाल : सोमवारी बसतो. एक अट. नाव टाळायचं नाही. एक नाव टाळलंत की हेडफोन काढायचा आणि उठायचं.

*

द्रौपदाबाई : इतकं चांगलं सांगी ऱ्हायना साहेब, तरी तू नही म्हनीसन ऊनी? धरनगावथून रोज गाडीमा लोंबकळत जास, लोकेस्ना शिव्या खास. त्यापरीस गुमान कागदं लाव ना.

पुष्पा : शाळामाबी मी गुमानच बसेल व्हती, माय. हजेरी लेतांना मास्तर मन्हं नाव सोडी दे. म्हने, हिले ‘हजर’ म्हनाले तास लागस. मी रोज शाळामा जाऊ, आनि रोज मन्ही गैरहजेरी लागे.

द्रौपदाबाई : हाई तू कधी सांगं नही.

पुष्पा : सांगता येतं तर सांगं नसतं का?

द्रौपदाबाई : मन्हासंगे ते बराबर बोलस तू.

पुष्पा : तू थांबस म्हनीसन. तठे कोनी थांबत नही. ‘हॅलो हॅलो’ करतस आनि फोन ठेवी देतस. आनि मी घाई कराले गई का आखोच अडकस.

द्रौपदाबाई : बरं, बस अठे. मी गिऱ्हाईक शे. हॅलो, माले पाचोराले बोलनं शे.

पुष्पा : प… प… प…

द्रौपदाबाई : बोल.

पुष्पा : प… जाऊ दे माय.

द्रौपदाबाई : जाऊ कसं देऊ? सोमवारले साहेब जाऊ देई का? बोल.

पुष्पा : नही येत. नही येत ना. हज्जारदा सांगी ऱ्हायनी, नही येत. जीभ कापी टाकाशी वाटस.

द्रौपदाबाई : जीभ कापीसन काय व्हई. एक काम कर. लोकेस्ले आधीच सांगी दे ना. मी अडखळस, जरा थांबा, असं.

पुष्पा : लाज वाटस.

द्रौपदाबाई : आते लपी ऱ्हायनं शे का ते? तू सांगस नही, पन बठ्ठास्ले ऐकू येस. ज्यानाकडथाईन लपाडस, त्याले पहिलंच माहीत ऱ्हास.

पुष्पा : आनि हासनात ते?

द्रौपदाबाई : हासू दे. हासतांना मानूस फोन ठेवस नही.

*

(सोमवार, दुपार. रतिलाल दुसरा हेडफोन लावून पुष्पाशेजारी बोर्डावर बसले आहेत.)

शेवंताबाई : हॅलो… हॅलो, कोनी शे का तठे?

पुष्पा : ट्रंक बोलतंय. मी ज-जरा अडखळते, थांबून ऐका. सांगा.

शेवंताबाई : मी धरनगावनी शेवंताबाई. पोस्टमाथून बोली ऱ्हायनी. मन्हा मालक ट्रक चालाडतस. मध्यप्रदेशमा सेंधवाना घाटमा गाडी उलटनी आनि त्यास्ले घाटखालना दवाखानामा लयी गयात, असा निरोप ऊना. जित्ता शे का नही, तेवढं इचारी दे माय. आखो काही नको.

पुष्पा : नाव काय त्यांचं?

शेवंताबाई : भटू. भटू पाटील.

रतिलाल : दोन्ही शब्द तुम्हाला नेमके अडणारे. पलीकडच्या बोर्डावरच्या केसरबाईंकडं देऊ का हा कॉल? बाईच्या जिवाचा प्रश्न आहे.

पुष्पा : नको. दवाखाना लागला.

दवाखाना : हॅलो.

पुष्पा : हॅलो, जळगाव ट्रंक से. एक मरीज का प… प… नाम है भ… भ… भ…

दवाखाना : हॅलो? कौन? आवाज नहीं आ रही.

पुष्पा : भ… भ…

रतिलाल : ठेवला त्यानं.

पुष्पा : पुन्हा लावते.

शेवंताबाई : लागना का वं माय?

पुष्पा : लावतेय. थांबा… हॅलो, वो ट्रक के ड्राइवर, भ… भ…

दवाखाना : अरे कौन है भाई? इधर मरीज पड़े हैं और तुमको मजाक सूझ रहा है?

रतिलाल : परत ठेवला. बिऱ्हाडे, द्या इकडं. ती बाई तिकडं पोस्टात उभी आहे. तुमच्या हट्टापायी तिला असं टांगून ठेवायचं नाही.

पुष्पा : अजून एकदा, साहेब.

रतिलाल : तुम्ही रडताय.

पुष्पा : रडत नाही. चिडलेय. एका अक्षरासाठी… एवढ्याशा अक्षरासाठी… एकदाच लावू द्या. नाही झालं तर मी स्वतः हेडफोन काढून देते.

रतिलाल : लावा. शेवटचं.

दवाखाना : हॅलो.

पुष्पा : फोन मत रखिए. मैं मजाक नहीं करती. मैं अटक-अटक के बोलती हूँ. नाम बोलने में टाइम लगेगा. आप रुकिए.

दवाखाना : … बोलो.

पुष्पा : भ… भ… भ…

दवाखाना : बोलो बहन, मैं हूँ इधर.

पुष्पा : भ-भटू. प… प… प-पाटील. घाट में ट्रक पलटी हुआ, उसका ड्राइवर.

दवाखाना : रुको, वॉर्ड में देखके आता हूँ.

शेवंताबाई : माय, कोनी बोलनं का? कोनी बोलत का नही?

पुष्पा : बघायला गेलेत. थांबा.

दवाखाना : हाँ, है. दायाँ पैर टूटा है, प्लास्टर किया. बाकी ठीक है, होश में है. कब से चाय माँग रहा है.

पुष्पा : शुक्रिया. ब… बहुत शुक्रिया.

रतिलाल : लाइन खराब आहे. तिच्यापर्यंत त्याचा आवाज पोचला नाही. तुम्हीच सांगा तिला.

पुष्पा : शेवंताबाई, तुमच्या भ… भ-भटूंचा प… प…

शेवंताबाई : काय? काय व्हयनं?

पुष्पा : त्यांचा प… प…

शेवंताबाई : तू अडखळी का ऱ्हायनी? सांगता येत नही का तुले? गया का तो? सांगी दे, मी धीर धरस. सांग.

पुष्पा : न… न…

शेवंताबाई : गया. अरे देवा, गया मन्हा मालक.

पुष्पा : नही. नही वं मावशी. जित्ता शे. जित्ता शे तो. मन्हं बोलनंच असं शे, तू मन्हा बोलनावर जाऊ नको. त्याना प-पाय मोडना, प-पलस्तर करं शे. बाकी बठ्ठं बरं शे. चहा मांगी ऱ्हायना.

शेवंताबाई : चहा?

पुष्पा : हा. कवळदना चहा मांगी ऱ्हायना.

शेवंताबाई : … मंग तोच शे.

*

रतिलाल : पाणी घ्या.

पुष्पा : पाहिलंत ना साहेब. बातमी चांगली होती. ती मी अशी सांगितली, की त्या बाईनं नवऱ्याला म-मेलाच धरला. लिहा तुम्ही. अयोग्य लिहा. बरोबर आहे ते.

रतिलाल : आता काय लिहायचं तेही तुम्हीच सांगणार?

पुष्पा : मग आणखी काय लिहिणार?

रतिलाल : तिसऱ्यांदा तो माणूस थांबला कसा?

पुष्पा : मी थांबा म्हटलं म्हणून.

रतिलाल : मग पहिल्यांदाच का नाही म्हटलं? त्या बाईला तर फोन उचलल्या उचलल्या सांगितलंत.

पुष्पा : ते मी मराठीत घोकून आले होते. हिंदीत अडखळण्याला काय म्हणतात, ते आठवेना.

रतिलाल : अटक-अटक के. ठीक होतं ते. त्याला कळलं.

पुष्पा : पण शेवंताबाईंना आधी ‘जिवंत आहेत’ म्हणायला हवं होतं. बाकीचं मागून.

रतिलाल : हो. ते चुकलंच. चांगली बातमी असली की तोंडात पहिला तोच शब्द ठेवायचा. न अडखळणाऱ्यालाही हे सांगावं लागतं. केसरबाईंनी एकदा बारशाचं आमंत्रण असं दिलं होतं, की समोरचा माणूस स्मशानात जायला निघाला होता.

पुष्पा : तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय.

रतिलाल : मी कोणाला बरं वाटावं म्हणून काही सांगत नाही. बोर्डावर दिवा लागलाय, पुढचा कॉल आलाय, घ्या तो.

पुष्पा : आणि शेरा?

रतिलाल : संध्याकाळपर्यंत बसलोय मी. अजून ऐकून झालेलं नाही. घ्या म्हटलं ना.

*

द्रौपदाबाई : त्या सोमवारनंतर वरीसभर वाट दखी. आज नोकरीमा कायम व्हयनी, तरी तोंड का पाडेल शे?

पुष्पा : मंग काय करू, नाचू?

द्रौपदाबाई : साहेबनी काय लिखं शेवटले?

पुष्पा : ‘काम करतात. वेळ लागतो.’

द्रौपदाबाई : खोटं ते नही लिखं.

पुष्पा : नही. तेच ते. माले वाटे, कायम व्हवावर मन्हं बोलनं सुटी जाई. कागद हातमा ऊना आनि पहिलाच कॉल भुसावळना. भ… भ… करत बसनी. साहेबबी हासना, केसरताईबी हासनी.

द्रौपदाबाई : तूबी हासनी का?

पुष्पा : नही. माले राग ऊना. आनि त्यानामांगे एक शेठ. म्हने, ही बाई नको, दुसरी बाई द्या. मी म्हनं, दुसरी बाई जेवाले गई. मन्हं बोलनं पुरं व्हवाना पहिलेच त्यानी फोन ठेवी दिधा.

द्रौपदाबाई : मंग?

पुष्पा : मंग काय, माय. त्याना कॉल बाकी व्हता. मी परत लाया.