बोक्याचं नवं नाव

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. नणंदेचा गाल टम्म सुजलेला, तरी तोंडाला विश्रांती नव्हती.

“वहिनी, मला वर्णद्वेषी म्हणाली हो ती! अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं!”

“कोण?”

“वरच्या मजल्यावर ते बाहेरदेशचे राहायला आलेत ना, त्यातली बायको.”

“पण वन्सं, तुम्ही म्हणालात तरी काय?”

“मी आपली बोक्याला ओरडले. दुधात तोंड घातलं मेल्यानं. म्हटलं, ‘काळ्या, चालता हो इथून!’ नेमका तेव्हाच तिचा नवरा दारावरून जात होता.”

“अगं बाई! आणि त्याला आपली भाषा कळते?”

“तेवढाच शब्द कळायचा. इथे आल्या आल्या कुणी शिकवला, कोण जाणे!”

“मग आता?”

“आता काय, नाव बदललं. एवढ्या म्हाताऱ्या बोक्याला ‘राजा’ म्हणते.”

“चला, मिटलं.”

“कसलं मिटतंय! काल हाक मारली, ‘राजा, ये रे, दूध पिऊन घे.’ तर ‘आलो, काकू!’ करत तो माणूसच दारात हजर. हल्ली शिकवणी लावलीय म्हणे भाषेची.”

“अय्या! मग दिलंत दूध?”

“दिलं की. माझ्या मनात तसलं काही नसतं, वहिनी. कागदी कपात दिलं, दारात उभ्यानंच प्यायला बिचारा.”

“आत नाही बोलावलंत?”

“आत कुठे बसवणार? सोफ्यावर बोका होता ना.”