मुदत ठेव आणि नळाखालचा बेडूक

ठेव मोडायची नाही! मुदत संपायच्या आत ठेव मोडायची नाही, आणि का, ते विचारायचं नाही! आमच्या घरात पोरं हे आधी शिकतात आणि चालायला नंतर. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "का?" तर आत्याने माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी शेजाऱ्यांचं घर पेटवून आलेय!

तुम्हाला सांगते, बाबा गेले तेव्हा वाटणी आपोआपच झाली. बाबांच्या ठेवींकडे बघायचं काकांनी, कारण काकांचा सगळा जन्म बँकेत गेला. आणि मागच्या बागेकडे बघायचं मी, कारण... कारण घरात दुसरं कोणी उरलंच नव्हतं! घर माझ्या नावावर, ठेवी माझ्या नावावर, अक्कल तेवढी काकांच्या नावावर.

बाग म्हणजे तरी केवढी? स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की नळ, नळापलीकडे टोमॅटो, मिरच्या, नको तिथे नको तेवढा पुदिना, आणि कुंपणावर जाईचा वेल. टोमॅटो लाल झाला रे झाला की बुलबुल हजर! बरं, एक टोमॅटो धड संपवतील तर शपथ! याला चोच मार, त्याला चोच मार, सगळे उष्टे करून ठेव. मिरचीची पानं गोगलगाईंना. आणि गोगलगाई कोणाला? बेडकाला! नळाखाली एक फुटकी कुंडी आडवी पडलीय, तिच्यात राहतो. जाडा, मातकट, आणि चेहरा असा की याला कोणीतरी गोड बोलून बुडीत कंपनीचे शेअर विकलेत. संध्याकाळी मी कामावरून आले, दार उघडलं, की हा बाहेर येऊन बसतो. मी बोलते त्याच्याशी. हो, बोलते! कोणाशी बोलू मग? तो ऐकतो, आणि मध्येच व्याजाचा दर विचारत नाही.

कारण काकांचा फोन म्हणजे काय, ऐका. "हां, बोल. व्याज जमा झालं? नॉमिनी टाकलास? फंडाचा हप्ता गेला? बरं, ठेवतो." अहो पण मी?... मी म्हटलं, "काका, परवापर्यंत ताप होता हो मला." तर म्हणे, "विम्याचा हप्ता भरलायस ना?" भरलाय! आणि बागेचा विषय निघाला की संपलंच. "परतावा काय त्यातून? माती विकत, खत विकत, पाण्याचं बिल धर, आणि आलं काय? वाटीभर मिरच्या! पोरी, याला गुंतवणूक नाही म्हणत, याला तोटा म्हणतात. हिरवा असला म्हणून काय झालं?"

आता माझा शोध ऐका. माझा वाढदिवस. सकाळपासून फोन समोर ठेवून बसलेय. पहिल्या शुभेच्छा बँकेच्या. दुसऱ्या दातांच्या दवाखान्याच्या. तिसऱ्या... नाहीतच! संध्याकाळी माझं डोकं फिरलं, काकांना मेसेज टाकला, "ठेव मोडतेय." बस्स! बेडकाने पापणी मिटायच्या आत फोन! काका, मागून काकू, मग आत्यालाही घेतलं जोडून. "अगं, काय झालं? कोणी फसवलं का? नोकरी गेली का? कोणी मुलगाबिलगा आहे का?" किती वेळ बोलत होते तिघं! तुम्हाला सांगते, इतकं बरं वाटलं... वाढदिवसाचं मी सांगितलंच नाही.

मग सवयच लागली हो. एखादी संध्याकाळ अंगावर आली की मेसेज, "मोडतेय." आत्या रडायची, काका गरजायचे, "ठेव मोडायची नाही! का, ते विचारायचं नाही!" आणि मी पुदिना खुडत मुकाट ऐकत बसायची. रागावणं तर रागावणं, माणसाचा आवाज होता ना!

आणि एका रविवारी काका म्हणाले, "आम्ही येतोय. तिघंही."

येतायत! माझ्याकडे! मी पालापाचोळा झाडला, चार खुर्च्या बागेत मांडल्या, बाबांचीसुद्धा काढली. धड टोमॅटो एकच होता, तो बुलबुलांशी भांडून काकांसाठी राखला. चहाचे चार कप नवे आणले.

आले. काकांच्या हातात पिशवी दिसली, मला वाटलं, काही खाऊ आणलाय... टेप निघाली! मोजायची टेप! बूटसुद्धा न काढता सरळ मागे. एक टोक धरून काकू नळापाशी, दुसरं धरून काका कुंपणापाशी, आणि आत्या मला समजावतेय, "बाळा, तू अडचणीत आहेस, कळतं गं आम्हाला. नाहीतर ऊठसूट ठेव मोडायला कोण निघतं? ही माती काढून टाकू, फरशी घालू, दोन गाड्या उभ्या राहतील भाड्याने. महिन्याच्या महिन्याला पैसे येतील, ठेवीला हात लावायला नको!"

"ती कुंडी सरकवा आधी, माप चुकतंय!" काका ओरडले. काकूंनी कुंडी पायाने लोटली. आतून बेडूक निघाला, तो थेट काकांच्या बुटावर!

"शी! काय पाळलंयस हे?"

माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "काका, टेप गुंडाळा. ठेव मोडा. आत्ता मोडा, सगळ्या मोडा! बाग मोडायची नाही."

आत्या म्हणाली, "का?"

"का, ते विचारायचं नाही!"

काकूंच्या हातून टेपचं टोक सुटलं. टेप सर्रकन आपली आपण आत गेली. काका बुटाकडे बघतायत, काकू नळाकडे, आणि आत्या... आत्या त्या चार खुर्च्यांकडे. दिसल्या तिला, असं मला वाटलं. पण पदर सावरून तीही वळली. गेले.

बाग वाचली. बेडकाला कुंडी परत आडवी करून दिली. चहा चारही कप मीच प्यायले. ते सगळं ठीक आहे हो... पण ठेवी मोडा, असं मीच सांगून बसले ना! आता पुढच्या वाढदिवसाला काय मोडतेय म्हणून कळवू?