खुंटीवरच्या करवंट्या

हा चहा जिच्या हातचा पिताय ना, तिच्याशी माझं लग्न मोडता मोडता राहिलं! प्लेगच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मुलगी बघायला गिरगावात गेलो, तर तिच्या वडिलांनी पहिलाच सवाल केला, "ताडी वगैरे घेता?"

"छे! दादरचे ताड कोणत्या दिशेला आहेत, तेसुद्धा ठाऊक नाही मला."

खूश झाले. म्हणाले, "मग अमावास्येला चला दादरला. चिंबोऱ्या तेव्हाच भरलेल्या असतात. तिथल्या जुन्या ताडीच्या दुकानात काय कालवण करतात! आपण फक्त जेवायचं हं."

मेलो! भागामावशीचं ते दुकान, आणि दर रविवारी मी तिथेच पडलेला.

दारातूनच मी मावशीला डोळ्यांनी विनवलं. बाई हुशार. "या पाहुणे, पहिल्यांदाच दिसताय," म्हणाली. माझ्या जिवात जीव आला.

कालवण वाढलं आणि सवयीने तिचा हात भिंतीवरच्या खुंट्यांकडे गेला. तिच्याकडे नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाची ताडी प्यायची करवंटी वेगळी. कोणी कोणाचं उष्टं पीत नाही. एक करवंटी तिने माझ्यापुढे ठेवली, दुसरी सासऱ्यांपुढे. मग जीभ चावली.

मी त्यांच्या करवंटीकडे बघतोय, ते माझ्या. त्यांची तर वापरून वापरून काळी कुळकुळीत झालेली!

शेवटी त्यांनी घसा साफ केला. "जावईबापू, तुमचा वार कोणता?"

"रविवार."

"माझा शनिवार. लग्नानंतरही असंच राहू द्या."